काचेचं कौल आणि आईचा खण: शहापूर ते गुळेदगुड्ड

पुण्यात माझ्या खोलीत चार फूट बाय तीन फुटांचं एक चित्र सात महिने भिंतीकडे तोंड करून उभं आहे. चित्रात आईचा एक चोळीचा खण आहे. तांबडा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर तांबडा, हातात घेऊन जरा हलवला की रंग पालटणारा. मी तांबड्यात हिरवा कालवला आणि शेणाचा रंग झाला. खरवडून पुन्हा रंगवला, तर ओल्या शेणाचा झाला. त्यानंतर चित्र उलटं ठेवलं.

डिसेंबरात बेळगावातल्या शहापूरच्या मावशीचा फोन आला. मी सहज रडगाणं गायलं. ती म्हणाली, "फोटो बघून खण काढतात काय गं? इकडं ये. संक्रांतीच्या आधी ये."

पहिला दिवस

कोगनोळीचा नाका मागे पडला की पाट्यांची लिपी बदलते, चहाच्या टपरीवरची भाषा मात्र तीच राहते. निपाणी, संकेश्वर, हत्तरगी. वंटमुरीच्या घाटात दुपारचं ऊन तिरकं व्हायला लागलं होतं आणि कडेची माती तांबडी होत चालली होती. बेळगावला उतरून रिक्षानं शहापूर गाठलं. हा भाग संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांकडे होता. बेळगाव इंग्रजांचं आणि पलीकडची पेठ संस्थानची. शहापुरी लुगडी म्हणून जी नावाजली ती इथली.

मावशी दारातच होती. "आलीस काय? हातपाय धू, मी च्या ठेवतो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ठेवतो, जातो, आलो असंच म्हणतात. पुण्यात माझी ही सवय मोडली. इथं दोन दिवसांत परत जडते.

माजघराच्या छपरात एक काचेचं कौल आहे. लहानपणी त्यातून पडणारा उजेडाचा चौकोन आमचं घड्याळ होतं. तो उंबऱ्यापाशी आला की जेवायची वेळ, पूर्वेच्या भिंतीवर चढला की खेळायला जायची. मी पोचले तेव्हा तो भिंतीवर कमरेइतका चढला होता. मावशीनं लोखंडी ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला. वर काळी चंद्रकळा, तिच्याखाली डाळिंबी रंगाचं नऊवारी इरकल.

"तुझ्या आईच्या लग्नात मी हेच नेसलो होतो."

भाच्याला स्टुलावर उभं केलं आणि लुगडं त्या चौकोनात धरायला लावलं. अंगाचा भाग सुती, उभे धागे तांबडे आणि आडवे काळे, म्हणून डाळिंबी. काठ गोमेच्या पायांसारख्या नक्षीचा, त्याला गोमीच म्हणतात. आणि तो टोपपदर. तांबडे रेशमी पट्टे, मधे पांढरे, त्या पांढऱ्यात फणीच्या दात्यांची, किल्ल्याच्या तटाची, जोंधळ्याच्या कणसाची नक्षी. अख्खा मुलूखच पदरावर उतरलेला.

मला बघायचा होता तो सांधा. इरकलाचा पदर अंगाच्या ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, विणत नाहीत. पदराचा ताणा वेगळा असतो, आणि त्यातला एकेक धागा अंगाच्या ताण्यातल्या एकेका धाग्यात फासा घालून अडकवतात. म्हणून ताणा एका लुगड्यापुरताच करावा लागतो, सहावारी, आठवारी किंवा नऊवारी. थानासारखं विणत सुटता येत नाही. इळकल गावच्या या साड्यांना 2007 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते कागदावरचं. इथं बोटाखाली लागत होती ती एक बारीक, उंचवट्यासारखी रेघ, सुती मऊपणा संपून रेशीम सुरू होतं तिथली.

आणि त्या रेघेवर उजेड पाऊल बदलत होता. सुती भागात तो मुरायचा. रेशमावर आला की घसरायचा. मी वहीत एवढंच लिहिलं: सूत उजेड पितं, रेशीम परत करतं. लिहिताना फार हुशारी केल्यासारखं वाटलं. त्यापुढे काय, हे सुचलं नाही.

"आत्त्या, हात दुखाले."

"थांब रे, चौकोन हलला. जरा वर घे."

"डोळे फुटतील गं," मावशी आतून म्हणाली, "एवढं काय बघालीस?"

पदराच्या कडेला कशिद्याची तुळशीवृंदावनं आहेत, मावशीनं स्वतः घातलेली. धारवाडच्या एका शेजारणीकडून ती कसुती शिकली. कापडावर आधी काही काढायचं नाही, धागे मोजत जायचं आणि गाठ मारायची नाही. गवंती आणि मुरगी या टाक्यांत उलट-सुलट सारखंच दिसतं. मी उलटी बाजू बघितली. खरंच तशीच. आम्ही कॅनव्हासच्या मागे काय काय लपवतो, ते आठवलं.

तिच्या भिंतीवर एक जुनी तसबीर आहे, दिवा हातानं झाकून धरलेली बाई. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं, आणि तेही जलरंगात. बसवली होती स्वतःच्या मुलीला. 1940च्या दशकातलं ते चित्र लोक सर्रास रविवर्म्याचं समजतात. मावशीही समजते. मी तिला दुरुस्त केलं नाही. रात्री दिवे गेले तेव्हा मोबाइलच्या उजेडात ती तसबीर पुन्हा बघितली. पदराची सावलीकडची बाजू हळदणकरांनी नुसती गडद केलेली नाही, ती वेगळ्याच रंगाची आहे. इतकी वर्षं बघत आले, आज दिसलं.

दुसरा दिवस

सकाळी वडगाव. गल्लीत शिरण्याआधीच खडखडाट येतो. खासबाग, वडगाव या बाजूला घराघरात यंत्रमाग आहेत. पुढच्या खोलीत माग, मागे स्वयंपाक, आणि त्या आवाजात भाताचा कुकर शिटी देतो तेही घरातल्यांना बरोबर कळतं. मावसभावाच्या ओळखीचे एक मालक होते. ओरडून बोलायची त्यांना सवयच, बाहेर आले तरी आवाज खाली येत नव्हता.

"सुरतची साडी येती, आमच्या अर्ध्या दरात. तुम्ही कलाकार लोक फोटो काढून जातासा. घेत कोण नाही."

मी ओशाळले आणि एक साडी घेतली. मग त्यांनी चहा सांगितला.

मी दीड तास एकाच मागापाशी उभी होते. उभा ताणा केशरी, आडव्या धाग्याच्या कांडीवर निळं सूत. धोटा इकडून तिकडे जातो, फणी येऊन ठोकते. फणीच्या अलीकडे नुसते केशरी धागे, पलीकडे एक तिसराच रंग, केशरीही नाही आणि निळाही नाही. मधे बोटभर जागा. तेवढ्या बोटभर जागेत रंग जन्माला येतो. तिथंच बघत राहावं. पण वर ट्यूबलाइट होती आणि सगळं कसं सपाट दिसत होतं. मी तसं म्हटलं.

"अहो, आत कुठला रंग कळतोय? गिऱ्हाईक आलं की आम्ही कापड दारात नेतो."

त्यांनीच मग एक किस्सा सांगितला. एका दुकानदारानं साड्यांचा गठ्ठा परत पाठवला होता, काळा विटका आहे म्हणून. सूत तेच, रंग तोच. फरक एवढाच की त्या खेपेला काळ्याशेजारी निळा काठ घेतला होता. हे ऐकून मी हसले ते त्यांना कळलं नाही. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात, जिथं भिंतीवरची विणलेली चित्रं होत, तिथं शेव्हरल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाईखात्याचे प्रमुख होते. त्यांच्याकडे हीच तक्रार आली होती, काळा रंग मरतोय म्हणून. त्यांनी तपासून सांगितलं की दोष रंगात नाही, शेजाऱ्यात आहे. 1839 साली त्यांनी ते सगळं छापलं आणि पुढे फ्रान्सचे चित्रकार त्यावर तुटून पडले. ते विणकाम-कारखान्यातून आलेलं शास्त्र आहे, हे आर्ट स्कूलमध्ये आम्हाला कुणी धड सांगितलं नव्हतं.

दुपारी किल्ल्यातली कमल बस्ती. रट्ट राजांच्या काळातलं, 1204 सालचं जैन मंदिर. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत काळा दगड. छतातल्या दगडी कमळाची पाकळी न् पाकळी दारातून येणाऱ्या उजेडावर दिसते, आणि खांब असे गुळगुळीत की उजेड त्यांच्यावर उभ्या रेघेत सांडतो. रेशमासारखा. पण त्या दिवशी मला सगळंच कापडासारखं दिसत होतं, तेव्हा माझ्यावर फार विश्वास ठेवू नये.

बेळगाव हे चित्रकारांचं गाव आहे, हेही सांगायला हवं. के. बी. कुलकर्णी मास्तरांच्या चित्रमंदिरात इथल्या कितीतरी पोरांचा हात तयार झाला. रवी परांजपे 1935 साली याच गावात जन्मले आणि मास्तरांपाशीच शिकले. आमच्या घरीही मला तिथं घालायचं चाललं होतं, पण वडिलांची बदली झाली. तसं झालं असतं तर हा खण एव्हाना निघाला असता, असं मला उगीचच वाटतं.

तिसरा दिवस

सुळेभावी. कुमार गंधर्वांचं जन्मगाव, 1924. महालक्ष्मीच्या देवळापर्यंत गेलो आणि गल्लीतल्या मागांचा आवाज ऐकला. ज्यांना भेटायचं होतं ते लग्नाला गेले होते. चहा घेतला, निघालो.

गोकाकला घटप्रभा बावन्न मीटरवरून खाली उडी घेते, पण जानेवारीत उडी कसली, चार धारा ओघळत होत्या. पावसाळ्यात आलेल्यांनी फोटो दाखवून मला आधीच हिणवलं होतं. तरी उघड्या पडलेल्या कातळाचे थर बघायला मिळाले. शेजारी ती एकोणिसाव्या शतकातली सूतगिरणी. तिथं धबधब्याच्या पाण्याच्या जोरावर सूत काढायला सुरुवात झाली. करदंट, ही इथली सुक्या मेव्याची मिठाई, घेतलं आणि मावसभावाला गाडीसकट परत पाठवलं.

इथून पुढे माती काळी होते. खानापूर-बेळगावची तांबडी जमीन संपते आणि उभा शाळू दिसायला लागतो. टोपपदरावरचं ते कणीस.

चौथा दिवस

शाकंभरी पौर्णिमा तोंडावर. बदामीजवळच्या बनशंकरीची जत्रा, आणि बनशंकरी कितीतरी विणकरांची कुलदेवता. म्हणजे मी ज्या लोकांना भेटायला चालले होते ते सगळे आणि त्यांचे पाहुणे एकाच बसमध्ये होते. लोकापूरपासून बागलकोटपर्यंत एका पायावर. तिथल्या लॉजच्या खोलीला खिडकी होती, ती उघडली की पलीकडे हातभर अंतरावर विटांची भिंत. उजेडाच्या शोधात निघालेल्या बाईला ही खोली.

पिशवी टाकून गुळेदगुड्ड गाठलं. तांबूस वालुकाश्माच्या टेकड्यांत वसलेलं गाव. धारवाडी खण, धारवाडी खण म्हणून आपण ज्यानं देवीची ओटी भरतो तो मुख्यतः इथं विणला जातो. धारवाड ही बाजारपेठ, हे गाव माहेर. एका व्यापाऱ्यानं पोरगा बरोबर दिला आणि आम्ही एका अज्जांच्या, म्हणजे आजोबांच्या, घरी गेलो.

माग खड्ड्यातला. अज्जा जमिनीच्या पातळीवर बसलेले, पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर. जमिनीच्या ओलीनं धागा नरम राहतो, तुटत नाही. डावीकडे दार, तेवढाच उजेड. अज्जांना मराठी थोडं येतं, व्यापाराचं. मला कन्नड थोडं येतं, आजीचं. पोरगा मधे बसून मोबाइल बघत होता.

मी विचारलं, धागा कुठला?

अज्जांनी कांडी दाखवली. "हत्ती."

खणावर हत्तीच्या पावलाची एक नक्षी असते हे मी वाचून गेले होते. मी वाकून कापडात हत्ती शोधायला लागले. नक्षी दिसेना. "हत्ती, हत्ती," अज्जा कांडी माझ्या नाकापुढे नाचवत म्हणाले. मी म्हटलं, "अज्जा, हत्तीचा पाय कुठाय?" त्यावर पोरगा एवढा हसला की मोबाइल खाली पडला. कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस. आपला हत्ती तो त्यांचा आने. आजीच्या कन्नडाची ही अवस्था.

हसू ओसरल्यावर अज्जांनी नीट दाखवलं. उभा ताणा रेशीम, तांबडं. आडवं सूत, हिरवं. काठ दोन्ही बाजूंना, पन्हा अरुंद, चोळीपुरता. मी आईचा खण पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चुरगळला, दोन बोटांत घासला, आणि उठून दारात गेले. उन्हात घडी धरली. घडीच्या माथ्यावर तांबडा पेटला.

"बिसिलु," ते म्हणाले. ऊन. आणि माथ्यावरच्या रेशमी धाग्यावर नख टेकवलं.

मग घडीच्या आतल्या उतारावर नख नेलं, जिथं हिरवं दिसत होतं. "नेरळु." सावली.

मी एकदम गप्प झाले. ते आणखी काही बोलले नाहीत, त्यांना त्यात विशेष काही वाटलंच नसावं. पण माझ्या सात महिन्यांच्या शेणाचं कारण त्या दोन शब्दांत होतं. खणात तांबडा आणि हिरवा कालवलेला नाहीच. एकमेकांना ओलांडून गेलेले आहेत. ऊन आलं की चमकणारं रेशीम पुढे होतं, ऊन वळलं की रेशीम विझतं आणि न चमकणारं सूत दिसायला लागतं. मी सावली काढताना तांबड्यालाच गडद करत होते. इथं सावलीचा धागाच वेगळा आहे. उजेड उभा, सावली आडवी.

मोबाइलवर फोटो घेतले. प्रत्येकात खण तपकिरी. यंत्रानंही तेच केलं जे मी केलं होतं, दोघांना कालवून मोकळं झालं. सगळ्यात चांगला फोटो आला तो अज्जांच्या नखाचा.

मग तिथंच ओसरीवर रंगपेटी उघडली. नळ्यांवरची नावं अज्जा वाचायला लावत होते. अलिझरिन क्रिमझन म्हटल्यावर मीच थांबले. अलिझरिन हा मुळात कापडाचाच रंग, मंजिष्ठेच्या मुळीतला. 1868 साली जर्मन रसायनतज्ज्ञांनी तो प्रयोगशाळेत बनवला आणि मुळीची शेती बसली. म्हणजे माझ्या पेटीतला तांबडा एके काळी याच लोकांच्या हंड्यात होता. हे मी तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये सांगायचा प्रयत्न केला. अज्जा म्हणाले, "हौदु, हौदु," म्हणजे हो हो, आणि पुन्हा मागावर जाऊन बसले. त्यांचं काम खोळंबलं होतं.

पाचवा दिवस

सकाळी परत गेले. अज्जांच्या सुनेनं भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी आणि शेंगाचटणी वाढली. बाहेर टेकड्यांवर कोवळं ऊन होतं. त्या वालुकाश्मातही उन्हाचा तांबूसपणा आणि सावलीचा निळा जांभळेपणा असे सरळ वेगळे दिसत होते, पण तो कालचाच चष्मा.

तीन खण घेतले. अज्जांकडून नव्हे, त्यांचा माल व्यापाऱ्याकडे बांधलेला असतो. त्यामुळे पैसे अज्जांच्या हातात पडले नाहीत, हे मला लागून राहिलं. सुनेच्या हातात लेकरासाठी म्हणून काही ठेवायला गेले, तर तिनं उलट मलाच ओटीचे तांदूळ घातले.

संध्याकाळी उशिरा शहापूर. काचेच्या कौलातून आता चंद्राचा उजेड येत होता, पौर्णिमेला एक दिवस कमी. त्यात खण धरून बघितला. रंग गेले होते, पण रेशीम कुठं आणि सूत कुठं ते तरी कळत होतं. दिवा लावून मी जाड कागद घेतला. आधी सबंध घडी हिरव्यात काढली, सुताची, कोरडी, चमक नसलेली. ती वाळू दिली. मग बारीक कुंचल्यानं फक्त उभ्या रेघा तांबड्याच्या, ऊन लागेल तिथं दाट, घडी वळेल तिथं विरळ, आत गेली की बंद. कालवायचं काही नाही. मान मोडून आली. साडेअकराला कागद भिंतीला टेकवून मागे सरकले.

मावशी पाणी प्यायला उठली होती. चष्मा लावून जवळ आली, मग लांब गेली, मग परत जवळ.

"खालचा कोपरा खण वाटतोय," ती म्हणाली. "वरचं पायपुसणं झालंय."

वरच्या भागात मी घाईनं ओल्यावर ओलं लावलं होतं. तिला ते सहा फुटांवरून दिसलं.

सहावा दिवस

निघताना मावशीनं ते डाळिंबी इरकल माझ्या पिशवीत कोंबलं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "नेसायला दिलं नाही. बघायला दिलंय. बघून झालं की आणून दे." कुंद्याचा डबा वेगळा.

खिडकीची जागा मिळाली. एक खण मांडीवर ठेवला होता, घडी मोडून. वंटमुरीच्या वळणांवर ऊन खिडकी बदलायचं तसा तो तांबडा व्हायचा, हिरवा व्हायचा, परत तांबडा. शेजारच्या बाई हत्तरगीपासून त्याच्याकडे बघत होत्या. निपाणी आली तशा त्यांनी तो उचलून चिमटीत धरला.

"केवढ्याला घेतलासा?"

मी सांगितलं.

"फसीवलं की तुमाला," त्या म्हणाल्या, आणि खण उन्हाकडे धरून उलटसुलट करत राहिल्या.